चाळिसावा

"खुन, इंग्रजी वाचता येतं ना तुम्हाला?"

लष्करी गणवेशातला तो तरुण अधिकारी माझ्या टेबलापाशी येऊन, हात जोडून अदबीनं विचारत होता. खुन म्हणजे थाई भाषेतलं 'साहेब'. माझ्या तोंडात चिकट भाताचा घास होता. तो कसाबसा गिळून मी मान हलवली. येतं म्हटलं, थोडंफार.

"मग एवढं वाचून दाखवा आम्हाला. थाई भाषेत. इथल्या शाळेतले मास्तर दोन दिवस मागतायत, आणि मला आजच वर कळवायचंय."

त्यानं माझ्या ताटाशेजारी कागद ठेवले. संगणकावरून छापून काढलेली तीन पानं. पहिल्या पानावर मधोमध एक फोटो होता. निळ्या पत्र्याचं छप्पर, चिंचेचं झाड, झाडाखाली लाकडी बाकं आणि खलबत्त्यावर वाकलेली एक बाई. मी त्याच झाडाखाली बसलो होतो. ती बाई माझ्यापासून सहा हातांवर कच्ची पपई किसत होती.

फोटो मी काढलेला होता. खालचा मजकूरही माझाच होता.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं होऊन गेली. मी मूळचा वाळवा तालुक्यातला. साखर कारखान्यात उमेदवारी करत करत चीफ केमिस्ट झालो, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खासगी कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून गेलो. बायको शिक्षिका, मुली शाळेत. त्या तिघी इस्लामपुरातच राहिल्या. जालिंदर हे नाव तिथं कुणाच्या जिभेला झेपेना, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी नुसता जालिन झालो. बाकी परकं वाटावं असं काही नव्हतं. चहूकडं उसाचे फड, रस्त्यावर सांडलेल्या कांड्या, वजनकाट्यापुढं ट्रकांची रांग आणि हवेत मळीचा वास. एक गाव सोडून दुसऱ्या गावात आल्यासारखंच वाटायचं.

फी बुआचं खाणावळवजा दुकान कारखान्याच्या दुसऱ्या फाटकासमोर होतं. बुआ म्हणजे कमळ, आणि फी म्हणजे थोरली बहीण. ती पन्नाशीची होती, बुटकी, दणकट. तीन वर्षं मी रोज दुपारी तिच्याकडं जेवलो. भाजलेली कोंबडी, चिकट भात आणि कच्च्या पपईची ती झणझणीत कोशिंबीर. परदेशी माणसाला ती एक मिरची टाकून द्यायची. मी पहिल्याच दिवशी आठ मागितल्या आणि घाम पुसत पुसत संपवल्या, तेव्हा ती पदर नसलेल्या बाईनं हसावं तशी, तोंडावर हात न ठेवता, मोकळी हसली. तेव्हापासून मी तिचा नोंग, म्हणजे धाकटा भाऊ. थाई बोलायला मी शिकलो ते तिच्याच बाकावर. शब्द चुकला की ती पळी उगारायची.

दर शनिवारी दुपारी मात्र मी दुसरीकडं असायचो. हेन्क नावाचा एक डच म्हातारा तालुक्याच्या गावी राहायचा. जन्मभर बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला, लामयाई नावाच्या थाई बाईशी लग्न करून वीस वर्षं तिथंच. त्याच्या अंगणात आम्ही चार-पाच परदेशी माणसं जमायचो. व्हिसाच्या कटकटी, विजेची बिलं, सासरची माणसं, सगळं बोलून झालं की गाडी थाई राजकारणावर यायची आणि तिथून हलायची नाही. या लोकांना लोकशाही पेलत नाही, हे हेन्कचं ठरलेलं वाक्य. लामयाई बर्फ आणून द्यायची आणि आत जायची.

हेन्कनंच मला परदेशी रहिवाशांच्या त्या इंग्रजी संकेतस्थळाची वाट दाखवली. थाई राजकारणावर तिथं जेवढी मतं होती तेवढी थायलंडात माणसं नसतील. खरं नाव कुणीच लावत नसे. मी 'मिस्टर चिली' या नावानं लिहायला लागलो, आणि काय सांगू, लोकांना आवडायला लागलं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातली माणसं लिहायची, मिस्टर चिली, तुम्हाला हे लोक बरोबर कळलेत. कारखान्याच्या स्मरणिकेत दोन लेख छापून आलेला मी माणूस. मला ते चढलं.

आणि मला वाटायचंही तसंच. मी साखरपट्ट्यातला. सभेला माणसं कशी भरून नेतात हे मी चड्डीत होतो तेव्हापासून पाहिलेलं. ट्रॅक्टर, ट्रॉली, टोपी आणि जेवण. राजकारण मला कुणी शिकवायला नको, अशी माझी खात्री होती.

मे महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी लष्करानं सत्ता हातात घेतली. टीव्हीवर कार्यक्रम जाऊन नुसतं बोधचिन्ह आणि देशभक्तीची गाणी लागली. रात्रीची संचारबंदी आली. छावणीत हजर व्हा म्हणून नावांच्या याद्या वाचून दाखवू लागले. आमच्या कारखान्यात मात्र दुरुस्तीचं काम होतं तसंच चाललं होतं. हंगाम संपला होता, साखर शिजवायचे पॅन उघडून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मी घरी बसून एक लांबलचक लेख लिहिला आणि संकेतस्थळावर टाकला. त्याच्या माथ्यावर फी बुआच्या दुकानाचा तो फोटो लावला. कारखान्याचं नाव लिहिलं नाही, पण 'साखर कारखान्याच्या दुसऱ्या फाटकासमोर' एवढं लिहिलं.

आठव्या दिवशी ती तीन पानं माझ्या ताटाशेजारी येऊन पडली.

"वाचा ना," अधिकारी म्हणाला. तो समोरच्या बाकावर टेकला. त्याच्याबरोबरचे दोन शिपाई रस्त्याच्या कडेला पिकअपपाशी उभे होते. शेजारच्या टेबलावर आमच्याच कारखान्यातले तीन वेल्डर जेवत होते. त्यांनी जेवता जेवता हात थांबवले. फी बुआचं किसणं चालूच होतं.

मला येत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण मघाशीच येतं म्हणून बसलो होतो. शर्टाच्या खिशात माझ्या कामाच्या परवान्याची निळी पुस्तिका होती. हात आपोआप तिच्यावर गेला आणि तिथंच राहिला.

मी वाचायला लागलो.

सुरुवात सोपी होती. मी लिहिलं होतं की इथला लष्करी उठाव म्हणजे वळवाचा पाऊस, थोडा धुरळा उडतो, दोन झाडं पडतात, आणि तासाभरात लोक पुन्हा रस्त्यावर नूडल्स खात उभे. मी थाईत म्हणालो, "लेखक म्हणतो, देशात लवकरच शांतता येईल."

अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं.

पुढं लिहिलं होतं की इथल्या माणसाला रंगीत शर्ट आणि एक वेळचं जेवण द्या, तो कुठल्याही पक्षाचा होतो. मी म्हणालो, "लेखक म्हणतो, इथली माणसं साधी आहेत."

"बरं."

"लेखकाला इथलं जेवण आवडतं. पपईची कोशिंबीर त्याला विशेष आवडते. चिंचेच्या झाडाखाली एक बाई..." मी कागद जरा जवळ धरला. "एक बाई चांगलं जेवण करते, असं म्हणतो."

"ही बाई?" त्यानं फोटोवर बोट ठेवलं.

"तसं दिसतंय."

मी दुसरं पान उलटलं. त्या पानाच्या मध्यावर एक परिच्छेद होता. मला तो पाठ होता. लिहून झाल्यावर मी स्वतःच चार वेळा वाचला होता आणि चारही वेळा हसलो होतो. तो गाळून मी पुढच्या ओळीवर उडी मारली, आणि उसाच्या भावाबद्दल काहीतरी सांगायला लागलो.

"थांबा," अधिकारी म्हणाला. आवाज तसाच मऊ. त्यानं पेन उलटं धरून मागच्या बाजूनं त्या परिच्छेदावर टेकवलं. "मला इंग्रजी येत नाही, खुन, पण आकडे येतात. हे चाळीस. हे एकोणचाळीस. तुम्ही चाळीस कुठं म्हणालाच नाहीत."



"नजरचुकीनं राहिलं," मी म्हणालो.

"राहू द्या. आता वाचा. शब्द न् शब्द वाचा. आम्हाला एवढंच हवंय."

त्या परिच्छेदाची गोष्ट अशी होती. फेब्रुवारीत एका दुपारी दुकानात टीव्ही लागला होता, बँकॉकची निदर्शनं दाखवत होते. मी आपला जेवता जेवता फी बुआला चिडवलं, "तू कुठल्या रंगाची गं? लाल की पिवळी?" तिथं लाल शर्टवाले म्हणजे खेड्यापाड्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्या पक्षाचे, आणि पिवळे त्यांच्या विरोधातले. ती म्हणाली, "मी पपईच्या रंगाची." मग कोळशावर कोंबडी परतत परतत तिनं सांगितलं की चार वर्षांमागं लाल शर्टवाले बँकॉकला धरणं धरून बसले होते तेव्हा याच झाडाखालून दोन लहान बस सुटल्या होत्या. बस तिनंच ठरवल्या होत्या, डबे तिनंच बांधले होते. "चाळीस माणसं गेली, एकोणचाळीस परत आली," ती म्हणाली. मी विचारलं, "आणि चाळिसावा?" ती म्हणाली, "तो बँकॉकलाच राहिला." म्हणाली आणि हसली, आणि माझ्या ताटात कोंबडीचा आणखी एक तुकडा ठेवला. मीही हसलो.

मी वाचलं. शब्द न् शब्द.

"या बाईनं चाळीस माणसं क्रांती करायला बँकॉकला पाठवली," मी म्हणालो. "बस हिनंच ठरवल्या. एकोणचाळीस माणसं परत आली. चाळिसावा..."

"चाळिसावा?"

"चाळिसाव्याला तिथं एखादी गोरीगोमटी बँकॉकवाली भेटली असणार, आणि तो अजून तिच्या गादीवर पडून घोषणा देत असणार. मी असं म्हणालो तेव्हा बाई हसली. ही या लोकांची क्रांती. सहलीला जातात, हसत परत येतात, आणि ज्याला परत यायचं नसतं त्याला कुणी शोधतही नाही."

किसणं थांबलं होतं. कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी मान वर केली नाही. पानावरच्या ओळी संपल्या होत्या, तरी मी त्या पानाकडंच बघत राहिलो.

वेल्डरांपैकी सगळ्यात थोरला, पांढऱ्या केसांचा, उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा खाली बसला.

अधिकारी फी बुआकडं वळला. "आई," तो म्हणाला. तिथं थोरल्या बाईला असंच म्हणतात. "चाळिसावा कोण?"

"माझा नवरा," फी बुआ म्हणाली. "तुमच्या कागदांत असेल. एकोणीस मे. सकाळी."

तिचा चेहरा पाहायचा धीर मला झाला नाही. तिचे हात पाहिले. ओले होते, त्यांना पपईचे हिरवट तंतू चिकटलेले होते, आणि ती ते कमरेच्या फडक्याला पुसत होती. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

तिचा नवरा बँकॉकला टॅक्सी चालवतो, असा माझा समज होता. तसं कुणी मला सांगितलं नव्हतं. ईशान्येतले निम्मे पुरुष बँकॉकला टॅक्सी चालवतात, तेव्हा हिचाही त्यातच असेल, असं मी धरून चाललो होतो. चार वर्षांमागच्या त्या मे महिन्यात बँकॉकच्या रस्त्यावर लष्कराच्या गोळ्या चालल्या, नव्वदच्या वर माणसं गेली, हे मला माहीत होतं. हेन्कच्या अंगणात त्यावर मी तासन् तास बोललो होतो. तीन वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलो, आणि घरी कोण कोण असतं एवढं साधं विचारलं नव्हतं. आमच्याकडं रस्त्यात भेटलेल्या माणसालाही आपण ते विचारतो.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

आता नाव येणार. मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर ते येऊन जावं असंही वाटत होतं, आणि त्याचीच भीतीही वाटत होती.

"एक फरांग आला होता," ती म्हणाली. फरांग म्हणजे गोरा परदेशी. "मोटारसायकलवर. उंच होता, दाढी तांबडी. दोनदा जेवला. फोटो काढला, गेला."

"नाव?"

"जेवणाऱ्याचं नाव कोण विचारतं?"

"आणि हे खुन? हेही इथंच जेवतात ना?"

"हे कारखान्यातले खुन," फी बुआ म्हणाली. "जेवतात आणि जातात."

तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला खुन म्हटलं होतं.

अधिकाऱ्यानं वही मिटली. तो म्हणाला की थोडं बोलायचंय, छावणीत यावं लागेल, काळजी करू नका, वागणूक नीट मिळेल. फी बुआनं कोळशावर पाणी मारलं. भाताच्या टोपल्यांवर झाकणं ठेवली. भाजलेली कोंबडी होती तेवढी कागदात गुंडाळून त्या पांढऱ्या केसांच्या वेल्डरच्या हातात दिली, आणि घरच्या कोंबड्यांना दाणा टाकायला सांगितलं. मग ती पिकअपमध्ये मागं चढून बसली. शिपायानं हात द्यायला केला, तो तिनं घेतला नाही.

अधिकारी माझ्यापाशी आला, कागद गोळा केले आणि पुन्हा हात जोडले.

"फार मदत झाली," तो म्हणाला. "थाई छान बोलता तुम्ही. कुणी शिकवली?"



दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी हेन्ककडं गेलो तो सरळ त्याच्या संगणकापाशी. माझा लेख मी रात्रीच काढून टाकला होता, पण दोघा-तिघांनी तो उचलून आपापल्या पानांवर ठेवला होता. ते मला काढता येत नव्हतं.

"काढायचा कशाला?" हेन्क म्हणाला. "अकरा हजार लोकांनी वाचलाय तो. तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण आहे."

मी त्याला काय झालं ते सांगितलं. सगळं सांगितलं, नवरा म्हणाली तेही. तो हातातला ग्लास फिरवत राहिला. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाला, "चार दिवसांत सोडतील तिला. चहा पाजून, एका कागदावर सही घेऊन. इथं असंच चालतं. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

लामयाई बर्फाचं भांडं घेऊन दारात उभी होती. ती इंग्रजी बोलत नसे, म्हणून तिला कळत नाही असं आम्ही सगळ्यांनी धरलेलं होतं. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि मला थाईत विचारलं, "कुठल्या छावणीत नेलंय?"

मला माहीत नव्हतं. मी तेही विचारलं नव्हतं.

ती आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. वरून साबण, टूथब्रश आणि घडी केलेली एक लुंगी दिसत होती. तिनं स्कूटर बाहेर काढली.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"तुम्ही येऊ नका," लामयाई म्हणाली आणि निघून गेली.

हेन्क तिच्या पाठीकडं बघत राहिला. वीस वर्षांत त्याला न विचारता ती बहुधा पहिल्यांदाच कुठं गेली असावी. तो म्हणाला, "ती या बाईला ओळखते?"

त्या चार दिवसांत मी काय केलं? कामावर गेलो. साखरेचे दाणे वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्रांच्या जाळ्या बदलून घेतल्या. छावणीत जाऊन 'मिस्टर चिली मी आहे' असं सांगायचं, हे रोज सकाळी दाढी करताना ठरवायचो. मुलींची फी भरायची होती, घराचं कर्ज होतं, परवाना रद्द झाला असता, कदाचित तुरुंगही. दाढी होईपर्यंत ती सगळी कारणं रांगेत उभी राहायची, आणि मी टोपी घालून कारखान्यात जायचो. घरी फोनवर बायकोनं विचारलं, "तिकडं लष्कर आलंय म्हणे, तुम्हाला काही त्रास नाही ना?" मी म्हटलं, "आपल्याला कसला त्रास?"

पाचव्या दिवशी फी बुआ परत आली. हेन्कचं सगळं खरं ठरलं. चार दिवस, कागदावर सही, आणि चहासुद्धा.

दुपारी तीनच्या सुमाराला, गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघून मी गेलो. दुकान ओळखू येत नव्हतं. लाकडी बाकं आणि टेबलं भिंतीशी उलटी रचून ठेवलेली. झाडाखाली एकच टेबल आणि त्याभोवती चार प्लॅस्टिकची स्टुलं. पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम होता, आणि तिच्याकडून तसं लिहून घेतलं होतं. ती मिरच्यांची देठं काढत बसली होती.

मी उभाच राहिलो. तिनंही बस म्हटलं नाही.

"फी बुआ, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तुम्ही चाळीस गाळलेत तेव्हा."

देठ तुटायचा बारीक आवाज येत राहिला.

"मग माझं नाव का घेतलं नाहीस?" मी विचारलं. खरं म्हणजे उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं. तीन वर्षांचा धाकटा भाऊ. दोन मुलींचा बाप. ती दोन्ही मुलींची नावं घेऊन चौकशी करायची माझ्याकडं, सणाला त्यांच्यासाठी चिंचेच्या गोळ्या द्यायची. मी आतून रडायच्या बेतात होतो.

फी बुआनं मिरचीवरून नजर उचलली.

"तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे रोज येतात तर यांच्या टेबलाशी आणखी कोण कोण बसतं," ती म्हणाली. "एकोणचाळीस परत आलेत ना. ते इथंच जेवतात. कारखान्यातच कामाला आहेत निम्मे."

तो पांढऱ्या केसांचा वेल्डर माझ्या डोळ्यांसमोर आला. रोज माझ्या शेजारी बसायचा, मला मिठाचं भांडं सरकवायचा.

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं गं. तू तर हसत सांगितलंस. हसून का सांगितलंस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघत नव्हती. इतकी साधी गोष्ट या मोठ्या माणसाला कशी कळत नाही, याचा तिला खरोखर अचंबा वाटत असावा.

"तुम्ही जेवत होता," ती म्हणाली.

माझी आई गेल्यावर, आठव्या-नवव्या दिवशी, दारात आलेल्या एका वाटसरूला माझ्या बापानं भाकरी वाढली होती आणि त्याचं खाऊन होईपर्यंत घरात काय झालंय ते कळू दिलं नव्हतं. हे मला तिथं, त्या झाडाखाली उभं असताना आठवलं. मी तिच्याकडं पाठ करून रस्त्यावर आलो. फाटकापर्यंत कसा पोचलो ते सांगता येणार नाही. वॉचमननं विचारलं, बरं वाटत नाही का, आणि मला पाणी दिलं.

पुढं दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला, बाराच्या भोंग्याला, मी पुन्हा रस्ता ओलांडला. माफी मागायची राहिली होती. शिवाय, कसं सांगू, मला तिथं जेवायचं होतं. एक कोशिंबीर मागायची, मुकाट्यानं खायची, आणि तिचा नवरा कसा होता, त्याचं नाव काय होतं, ते विचारायचं असं मी ठरवलं होतं.

टेबलाशी तिघं बसले होते. ते तीन वेल्डर. चौथं स्टूल रिकामं होतं. माणसं चार म्हणजे हुकमात बसत होतं, मी मनातल्या मनात मोजलंसुद्धा. पांढऱ्या केसांच्या वेल्डरनं मला येताना पाहिलं आणि ताटाकडं बघत जेवत राहिला.

फी बुआ खलबत्ता सोडून उठली. मी स्टुलाजवळ पोचायच्या आत ती तिथं आली, स्टूल उचललं, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली.

"जागा नाही, खुन," ती म्हणाली.

मग ते स्टूल तिनं आत नेलं आणि भिंतीशी रचलेल्या बाकांवर ठेवलं.

माझा करार आणखी दोन हंगामांचा होता. ते दोन्ही हंगाम मी कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवलो.